गाढवांवरचा पोलो पुळणीवर खेळवावा का?

सुरूबन (प्रश्नकर्ता)

नमस्कार. दापोली तालुक्यातील किनाऱ्यावरच्या एका गावात आमचे क्रीडा मंडळ आहे. दरवर्षी मे महिन्यात, चाकरमानी गावी आलेले असताना, आम्ही पुळणीवर दोन दिवसांचे सामने भरवतो. आजवर कबड्डी, रस्सीखेच आणि ओल्या वाळूवरच्या धावण्याच्या शर्यती एवढाच कार्यक्रम असे. यंदा तरुण मुलांनी काहीतरी निराळे हवे असा आग्रह धरला आहे, आणि एकाने मोबाइलवर गाढवांवर बसून खेळल्या जाणाऱ्या पोलोची चित्रफीत दाखवल्यापासून दुसरा विषयच निघत नाही.

वाळू-विटा वाहण्यासाठी घाटावरून आलेले एक कुटुंब सध्या जवळच मुक्कामाला आहे आणि त्यांची आठ गाढवे दोन दिवसांच्या मजुरीवर मिळू शकतात. एका बाजूला चार खेळाडू, हातात लांब दांड्याचे खराटे, आणि हलका प्लास्टिकचा चेंडू, अशी कल्पना आहे. गेल्या रविवारी दोन गाढवे आणून आम्ही चाचणी घेतली. सुक्या वाळूपर्यंत ती मुकाट्याने आली, पण जेथे ओली वाळू सुरू होते त्या रेषेवर एक गाढव जे थांबले ते थांबलेच. पाठीवर बसलेल्या मुलाने टाचा मारल्या, दुसऱ्याने शेपटीकडून ढकलले, तरी त्याने चारही पाय रोवून कान मागे टाकले आणि ते पाण्याकडे बघत राहिले. जमलेली मंडळी पोट धरून हसली आणि मुलांना वाटले की खेळ रंगणार. मला मात्र त्या रात्री झोप नीट लागली नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

असे खेळ जगात कोठे रीतसर खेळले जातात का आणि त्यांचे नियम काय असतात? प्राण्याला त्यात खरोखर त्रास होतो का? आणि परवानगीचे काय? बैलगाडीच्या शर्यती आता पुन्हा सुरू झाल्या आहेत, मग यालाच हरकत कोण घेणार, असे मंडळात बोलले जाते.

जुना घोडेस्वार

आपण थांबून विचारलेत, हे फार बरे केलेत. मी लष्करात घोड्यांच्या सेवेत अनेक वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर गुहागरकडे स्थायिक झालो आहे. पोलोचे घोडे तयार करणे हे माझे काम होते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

असे खेळ जगात पुष्कळ आहेत. पोलोचे आजचे रूप आपल्याच देशातून, मणिपूरमधून, जगभर गेले. तेथे त्याला सगोल कांगजेई म्हणतात. सगोल म्हणजे घोडा. एका बाजूला सात खेळाडू असतात, चेंडू बांबूच्या मुळाचा असतो, आणि गोलचे खांब नसतात, चेंडू मैदानाच्या शेवटच्या रेषेपार गेला की गुण मिळतो. इंग्रज अधिकाऱ्यांनी तो पाहिला, १८५९ साली सिल्चरला आणि १८६२ साली कलकत्त्याला क्लब निघाले, आणि पुढे तो चार-चार खेळाडूंचा झाला. उत्तरेच्या डोंगराळ मुलखात याकवर पोलो खेळतात, मंगोलियात उंटांवरही खेळतात. अमेरिकेतील शाळांमध्ये निधी जमवण्यासाठी गाढवांवरचा बास्केटबॉल १९३० च्या दशकापासून चालत आला आहे. लाकडी फरशी खराब होऊ नये म्हणून तेथे गाढवांच्या खुरांना रबरी जोडे चढवतात.

हत्तींवरचा पोलो तर १९८२ साली नेपाळच्या चितवन भागात मेघौली येथे संघटना स्थापून सुरू झाला. प्रत्येक हत्तीवर दोघे बसतात, माहूत हत्ती हाकतो आणि मागचा खेळाडू दोन-तीन मीटर लांबीच्या काठीने चेंडू मारतो. सुरुवातीला फुटबॉल वापरून पाहिला, पण हत्ती त्यावर पाय देऊन तो फोडू लागले, म्हणून पोलोचा नेहमीचा लहान चेंडू आणावा लागला. हत्तीने सोंडेने चेंडू उचलायचा नाही आणि गोलसमोर आडवे झोपायचे नाही, असे नियम करावे लागले. हे नियम वाचून लोकांना गंमत वाटते. मला त्यांतून एवढेच दिसते की हत्तीला तो खेळ ठाऊकच नव्हता. त्याला त्या क्षणी जे करावेसे वाटत होते त्यालाच मनाई करावी लागली. श्रीलंकेत गाले येथे २००७ साली सामन्यात एक हत्ती बिथरला आणि त्याने एका संघाच्या मिनीबसची मोडतोड केली. थायलंडमधील मोठी स्पर्धा २००१ पासून चालू होती, ती हत्तींना अंकुशाने मारल्याचे आरोप झाल्यानंतर २०१८ नंतर बंद पडली.

आता घोड्याचे सांगतो, कारण फरक तेथेच आहे. पोलोसाठी घोडा तयार करायला महिने नव्हे, वर्षे लागतात. स्वार आधी लाकडी घोड्यावर बसून काठी फिरवायला शिकतो, कारण शिकाऊ हाताची काठी घोड्याच्या पायावर बसू द्यायची नसते. मग घोड्याला नुसते चालवत त्याच्या कानाजवळून, पोटाखालून, शेपटीमागून काठी हळूहळू फिरवतात, आणि तो कान न हलवता चालू लागला की मगच दुडकी. एका तरुण घोडीला मी सलग तीन आठवडे फक्त काठीचा वास घेऊ देत होतो. चौथ्या आठवड्यात तिने आपण होऊन काठीवर नाक घासले, तेव्हा कोठे मी खोगिरावर बसून ती उचलली. सामन्याच्या दिवशी घोड्याच्या चारही पायांना पट्ट्या बांधतात, आयाळ भादरलेली असते आणि काठी अडकू नये म्हणून शेपटी गुंडाळून बांधतात. सात मिनिटांचा एक डाव झाला की घोडा बदलतात. चेंडू ज्या रेषेत चालला आहे ती रेषा दुसऱ्या स्वाराने आडवी कापली तर तो गुन्हा धरला जातो, आणि हा पोलोतला सर्वांत कडक नियम आहे, कारण तो मोडला तर दोन घोडे भरधाव एकमेकांवर आदळतात. म्हणजे या खेळाचे नियमच मुळी जनावर वाचावे म्हणून बांधलेले आहेत.

आपल्या गाढवांच्या पोलोत यातले काहीही नसणार. तेथे लोक हसतात ते गाढव गोंधळते म्हणून. ते जर शिकून सरळ पळू लागले, तर आपली मुलेच म्हणतील की यात गंमत नाही. जनावराच्या गोंधळावर उभा राहिलेला खेळ आणि जनावराच्या तयारीवर उभा राहिलेला खेळ, या दोहोंना एकच नाव देणे मला पटत नाही.

गाढवाला खेळ येतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. चीनमध्ये तांग राजवटीच्या काळात उमराव घराण्यांतील स्त्रिया गाढवांवर पोलो खेळत. शिआन येथे इ. स. ८७८ मध्ये वारलेल्या एका उमराव स्त्रीच्या थडग्यात गाढवांची हाडे सापडली, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या हाडांवरून असे अनुमान काढले गेले की ती गाढवे केवळ ओझ्याची नव्हती, ती धावत आणि वळत असत. पण ती त्या घरची, जोपासलेली गाढवे होती. दोन दिवसांच्या मजुरीवर आणलेल्या, रोज वाळू वाहणाऱ्या गाढवाकडून आपण ती अपेक्षा कशी धरणार?

खाडीपलीकडचा

काकांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर आहे, पण एक गोष्ट मांडतो. हीच गाढवे सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत विटा आणि वाळू वाहतात. त्यापुढे वीस मिनिटांचा खेळ म्हणजे त्यांना विश्रांतीच म्हणायची. शिवाय त्या कुटुंबाला दोन दिवसांची चांगली मजुरी मिळेल, जी त्यांना मे महिन्यात, पावसाळा तोंडावर असताना, हवीच असते. खेळ रद्द केला तर गाढवांचा त्रास कमी होणार नाही, त्या दोन दिवसांत ती पुन्हा विटाच वाहतील, आणि ते कुटुंब मात्र पैशाला मुकेल. या बाजूचाही कोणीतरी विचार करावा.

पशुवैद्य, खेड

खाडीपलीकडचा यांचा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते.

वीट वाहणारे गाढव ओझे दोन्ही बाजूंना सारखे घेऊन चालते, ओळखीच्या वाटेने चालते, पुढच्या गाढवाच्या मागोमाग चालते, आणि त्याच्या चालीचा वेग त्याचा त्याने ठरवलेला असतो. पाठीवरचा माणूस हे ओझे वेगळेच असते. तो पुढे-मागे हलतो, चेंडूकडे झुकतो, सगळा भार एका बाजूला टाकतो, तोल गेला की मान किंवा कान धरतो, आणि हे सगळे खोगिराशिवाय. गाढवाच्या मानेच्या मुळाशी जो हाडाचा उंचवटा असतो त्यावर मांस फार थोडे असते. काही वर्षांपूर्वी एका जत्रेतील अशाच खेळानंतर माझ्याकडे तीन गाढवे आणली होती. एकाची त्या उंचवट्यावरची कातडी रुपयाच्या नाण्याएवढी सोलवटून निघाली होती आणि त्यात वाळूचे कण रुतून बसले होते. मी मिठाच्या पाण्याने ती जखम धुतली तेव्हा ते गाढव हललेसुद्धा नाही, आणि त्याचा मालक कौतुकाने म्हणाला की बघा, किती शांत आहे. ते शांत नव्हते. गाढव वेदना दाखवत नाही, आणि भीती वाटली की घोड्यासारखे पळत सुटण्याऐवजी जागच्या जागी थिजते. सुरूबन यांनी ओल्या वाळूच्या रेषेवर जे पाहिले ते हेच होते. पायाखालची जमीन बदलली, समोर हलणारे पाणी होते, मागून कोणी ढकलत होते, आणि थांबून अंदाज घेणे एवढे एकच साधन त्याच्याजवळ होते. आपण त्याला हट्ट म्हणतो.

वजनाचे तर नियमच आहेत. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने केलेल्या १९६५ च्या नियमांत गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त ५० किलो, तट्टावर ७० किलो आणि उंटावर २५० किलो अशी मर्यादा आहे. तुमच्या संघातील किती मुले ५० किलोच्या आत बसतात, ते एकदा वजनकाट्यावर उभे करून पाहावे.

त्याच नियमांत असेही म्हटले आहे की जेथे दुपारी बारा ते तीन या वेळात तापमान ३७ अंशांच्या वर जाते तेथे त्या वेळात जनावराला कामाला लावू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा सहसा तेथवर चढत नाही आणि म्हणून लोक निर्धास्त असतात. पण गाढव हे मूळचे कोरड्या मुलखातले जनावर आहे, घाम वाळला तरच त्याचे अंग निवते, आणि आपल्या दमट हवेत तो वाळत नाही. त्याचे खूरही कोरड्या जमिनीसाठी घडलेले असतात, सतत ओले राहिले की तळव्याला सडणे लागते. दोन दिवसांच्या खेळाने तसे होणार नाही हे खरे, पण ज्यांची गाढवे कोकणात मुक्कामाला आहेत त्यांच्या बहुतेक जनावरांच्या खुरांत ही तक्रार आधीपासूनच असते, आणि तशा पायाने मऊ वाळूत पळायला लावणे म्हणजे दुखऱ्या टाचेच्या माणसाला पुळणीत धावायला सांगण्यासारखे आहे.

आता त्या कुटुंबाची मजुरी. सामन्यांच्या वेळी तुमचा मांडव, खांब, पाण्याचे कॅन हे सगळे सुरूच्या बनातून पुळणीवर न्यावे लागते, आणि टेम्पो वाळूत रुततो, हे मी आमच्या नातेवाइकांच्या गावी दरवर्षी पाहते. ते काम त्यांना द्यावे, ५० किलोच्या आत भरून, सकाळी आणि संध्याकाळी, आणि मजुरी तुम्ही खेळासाठी देणार होतात तेवढीच द्यावी.

अलिबागची वकील

परवानगीचा मुद्दा राहिला आहे, तो थोडक्यात सांगते.

बैलगाडीच्या शर्यतींशी याची तुलना कायद्यात टिकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्या शर्यतींवर बंदी घातली, राज्याने २०१७ साली प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त मुभा मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. ती सवलत बैलांच्या शर्यतींपुरती आहे, तीसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने आणि ठरावीक अटींवर. गाढव, घोडा किंवा उंट यांना ती लागू होत नाही.

तिकीट लावून प्राण्यांचे खेळ दाखवायचे असतील तर १९६० च्या मूळ कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. तिकीट लावले नाही म्हणून सुटका होते असे मात्र समजू नये, कारण त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला मारणे, लाथा घालणे, त्याच्यावर अतिस्वारी करणे आणि अतिभार लादणे हे गुन्हे म्हणून नावानिशी नोंदवलेले आहेत, आणि ते फुकटच्या खेळालाही लागू होतात. वरच्या डॉक्टरांनी दिलेली ५० किलोची मर्यादा आणि ही अतिस्वारीची तरतूद एकत्र वाचली, तर मोठ्या माणसांचा गाढवांवरचा पोलो नियमात बसवण्याचा मार्ग मला तरी दिसत नाही. शेपटी पिळून गाढव हलवणारा एखादा मुलगा मोबाइलच्या चित्रीकरणात दिसला, तर आयोजक म्हणून मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनाही उत्तर द्यावे लागेल, हे मुलांना स्पष्टपणे सांगावे.

सुरूबन (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मंडळाची बैठक झाली आणि डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे मी रेशन दुकानातून वजनकाटा आणून ठेवला होता. खेळायला उत्सुक असलेल्या चौदा जणांपैकी ५० किलोच्या आत एकच निघाला, तोही आठवीतला. त्यानंतर कोणी फारसे बोलले नाही. मोबाइलवर चित्रफीत दाखवणाऱ्या मुलानेच विचारले की जखमेत वाळू गेलेले ते गाढव पुढे बरे झाले का. डॉक्टर, आपण सांगू शकलात तर त्याला कळवीन.

गाढवांचा खेळ रद्द केला आहे. सामान वाहण्याचे काम त्या कुटुंबाला ठरल्या मजुरीवर दिले आहे. पण मुलांना काहीतरी निराळे हवे आहे ही गोष्ट कायमच आहे, आणि ती मला चुकीची वाटत नाही. काकांनी मणिपूरच्या बांबूच्या मुळाच्या चेंडूचा उल्लेख केला, तेथून एकाने विचारले की घोड्याशिवाय तो खेळ खेळता येतो का.

पशुवैद्य, खेड

बरे झाले. तीन आठवडे लागले आणि त्या काळात मालकाने त्याच्यावर ओझे घातले नाही, हे त्या माणसाचे मोठेपण. मुलाला जरूर सांगा.

जुना घोडेस्वार

येतो, आणि तो मणिपूरमध्ये फार जुना आहे. त्याला खोंग कांगजेई म्हणतात; खोंग म्हणजे पाय. घोड्याऐवजी स्वतःच्या पायांवर, सात विरुद्ध सात, हातात टोकाशी किंचित वाकवलेली साधारण चार फुटांची काठी आणि बांबूच्या मुळाचा चेंडू. खेळाडू चेंडू हातात उचलून धावू शकतो, पण गुण मिळवायचा तर तो काठीने मारूनच रेषेपार न्यावा लागतो, आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवण्याची मुभा असल्यामुळे खेळात कुस्तीचाही अंश येतो. तुमच्या कबड्डीतल्या मुलांना तो लगेच जमेल. गोलचे खांब नकोत, घोडेही नकोत.

काठ्यांसाठी माणगा जातीचा बांबू चालेल. हिरव्या काठीचे टोक चुलीच्या धगीवर शेकून वाकवावे आणि दोरीने बांधून आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्यावे, घाईने उन्हात टाकल्यास ती उभी चिरते. चेंडूसाठी कळकाच्या जुन्या बेटातले मूळ काढावे, ते भरीव आणि चिवट असते, आणि कोयत्याने तासून गोल करता येते. पायांच्या नडग्यांना जुन्या कापडाच्या जाड पट्ट्या बांधाव्यात, घोड्यांना बांधतो तशाच.

सामने बौद्ध पौर्णिमेच्या आसपास धरलेत तर उधाणाच्या मोठ्या ओहोटीमुळे संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पार समुद्रात मागे जाते आणि घट्ट, ओल्या वाळूचे रुंद मैदान आपोआप मिळते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, तेवढे मिळणार नाही. पट्ट्या कशा बांधायच्या ते दाखवायला मी आदल्या दिवशी येईन, फक्त कोणीतरी दाभोळच्या फेरीबोटीवर न्यायला यावे.